गव्हाचं काड, सोयाबीनचं कुटार आणि पांढरी बुरशी: गोबरगॅसला खरंच फायदा होतो का?

गव्हांडा

नमस्कार मंडळी.

६ घनमीटरचं दीनबंधू (पक्क्या घुमटाचं) गोबरगॅस संयंत्र आहे. त्याला रोज १५० किलो शेण लागतं. जनावरं कमी झाल्यामुळे आता जेमतेम ८० किलो मिळतं. किलोला ४० लिटर गॅस धरला तर ३.२ घनमीटर होतो, म्हणजे रोज पावणेतीन घनमीटरची तूट. गुरांना घालून वर्षाकाठी गव्हाचं काड सुमारे ३ टन आणि सोयाबीनचं कुटार २ टन उरतं. ते तसंच टाकलं तर घुमटात तरंगतं आणि वर जाड थर धरतं, हे माहीत आहे.

लाकूड कुजवणाऱ्या पांढऱ्या बुरशीने काडावर आधी काम केलं तर गॅस दुपटीने वाढतो, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. धिंगरी अळिंबीची बुरशी त्यातलीच. तर प्रश्न असे: बुरशी कोणती घ्यावी, किती दिवस ठेवावी, काड उकळल्याशिवाय जमतं का, आणि अळिंबी काढून झालेले बेड (बुरशी लावलेल्या काडाच्या पिशव्या) संयंत्रात टाकले तर चालतील का? आकड्यांसकट उत्तरं मिळाली तर फार बरं होईल.

प्रयोगवही

चांगला विषय काढलात. आधी बुरशी काय करते ते पाहू, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल.

काडातलं सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज हे गॅस देणारे भाग. त्यांच्याभोवती लिग्निनचं वेष्टण असतं. संयंत्रातल्या जिवाणूंना ऑक्सिजनशिवाय लिग्निन फोडता येत नाही, म्हणून ४० दिवसांनंतरही काडाचा मोठा हिस्सा न पचता बाहेर येतो. पांढऱ्या बुरशा लॅकेस आणि मँगनीज पेरॉक्सिडेज यांसारखी विकरं सोडून लिग्निन मोडतात, पण त्या कामाला हवा लागते. त्यामुळे ही प्रक्रिया संयंत्राच्या बाहेर, उघड्या हवेवरच होते. बंद पिशवीत किंवा दाबून भरलेल्या खड्ड्यात होत नाही.

आता निवड. *सेरिपोरिऑप्सिस सबव्हर्मिस्पोरा* लिग्निन वेचून खाते आणि सेल्युलोज बरंचसं राखते, पण ती आपल्याकडे सहज मिळत नाही. *फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम* ३७ ते ३९ अंशांना झपाट्याने वाढते, पण लिग्निनबरोबर सेल्युलोजही फस्त करते. *प्लुरोटस*, म्हणजे धिंगरी, या दोघींच्या मधली. २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७५ टक्के ओलावा तिला मानवतो, आणि तिचं बियाणं तालुक्याच्या गावीही मिळतं. *ट्रायकोडर्मा*च्या फंदात या कामासाठी पडू नका. ती सेल्युलोज खाणारी बुरशी आहे, लिग्निनला फारसा हात लावत नाही.

हिरवळ

मग शेतातला पाला-काड कुजवायला ज्या कॅप्सूल मिळतात, पुसा डीकंपोझरसारख्या, त्या चालणार नाहीत का? त्यातही बुरशाच असतात ना?

प्रयोगवही

@हिरवळ, त्यांचं काम वेगळं आहे. त्या काडाचं खत करायला आहेत. खत होताना सेल्युलोज हवेत कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं, आणि आपल्याला नेमकं तेच वाचवून संयंत्रात न्यायचं आहे. जितकं चांगलं कुजेल तितका गॅस कमी.

निळी_ज्योत

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचं आहे. "दुप्पट गॅस" हा आकडा कुठून येतो तेही सांगतो. प्रयोगशाळेतली वाढ बहुतेक वेळा *प्रक्रिया झालेल्या* काडाच्या किलोमागे मोजलेली असते. बुरशीने मधल्या काळात खाऊन टाकलेलं काड त्या हिशोबात येतच नाही. शेतकऱ्याला तर सुरुवातीच्या किलोमागे हिशोब हवा.

उदाहरण म्हणून १० किलो काड घ्या. त्यात १० टक्के पाणी आणि थोडी राख वजा जाता साधारण ८.२ किलो सेंद्रिय भाग उरतो, प्रयोगशाळेच्या भाषेत व्हीएस.

बिनप्रक्रियेच्या काडातून किलो व्हीएसला १८० लिटर मिथेन धरू. ८.२ गुणिले १८०, म्हणजे १,४७६ लिटर मिथेन. गॅसमध्ये ५५ टक्के मिथेन असतं, तेव्हा गॅस २.६८ घनमीटर.

बुरशीने २० दिवसांत १५ टक्के वजन खाल्लं आणि उतारा २४० लिटरवर गेला असं धरू. ही वाढ ३३ टक्के, म्हणजे चांगलीच. उरलेलं व्हीएस ६.९७ किलो, मिथेन १,६७३ लिटर, गॅस ३.०४ घनमीटर.

खरी वाढ ०.३६ घनमीटर. कागदावर ३३ टक्के, पदरात १३. वजनातली घट १५ टक्के असेल तर उतारा निदान १८ टक्के वाढेपर्यंत पदरात काहीच पडत नाही. कोणताही दावा वाचताना वाढीचा आकडा आणि वजनघटीचा आकडा दोन्ही शेजारी ठेवा. दुसरा दिलेला नसेल तर पहिल्याला अर्थ नाही.

अळिंबी_घर

हिशोब अगदी पटला. त्याला बेड भरण्याची बाजू जोडते.

१० किलो कोरडं काड भिजवून निथळलं की ३० किलोच्या आसपास भरतं. ओल्या वजनाच्या ३ टक्के बियाणं म्हणजे ९०० ग्रॅम स्पॉन. काड नीट भिजलं की नाही ते मुठीत दाबून पाहायचं: बोटांच्या फटीतून एकदोन थेंब यावेत, धार लागता कामा नये. धार लागली तर बेडच्या पोटात हवा राहत नाही, आंबूस वास सुटतो आणि बुरशी तिथवर पोचतच नाही.

नेहमीची रासायनिक पद्धत अशी की १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) आणि १२५ मिली फॉर्मॅलिन मिसळून १० ते १२ किलो काड १६ ते १८ तास बुडवतात. अळिंबीपुरती ती चालून गेली आहे. बेड पुढे गॅससाठी जाणार असतील तर मात्र ती टाळा. फॉर्मॅलिन मिथेन करणाऱ्या जिवाणूंना मारक आहे. आठवड्यांत ते बरंच उडून जातं, पण कार्बेन्डाझिम टिकून राहतं आणि स्लरीबरोबर शेतात जातं.

निळी_ज्योत

ताई, तुमच्या ९०० ग्रॅमने सगळं स्पष्टच केलं. ०.३६ घनमीटर गॅसची उष्णता सुमारे ७ मेगाज्यूल, म्हणजे सिलिंडरच्या गॅसच्या भाषेत दीडशे ग्रॅम. दीडशे ग्रॅम एलपीजीसाठी ९०० ग्रॅम स्पॉन विकत घ्यायचा!

गरम पाण्याचाही हिशोब करा. १०० लिटर पाणी २५ वरून ८० अंशांवर न्यायला २३ मेगाज्यूल लागतात. शेगडी निम्मी उष्णता वाया घालवते, तेव्हा ४६ मेगाज्यूलचा गॅस, म्हणजे २.३ घनमीटर. तेच पाणी तीन खेपांना वापरलं तरी प्रत्येक खेपेला पाऊण घनमीटर जातो. वाफ दिली तर पाणी कमी तापवावं लागतं, १० किलो काडाला अर्ध्या घनमीटरच्या आसपास. तीही ०.३६ पेक्षा जास्तच.

म्हणून माझं स्पष्ट मत: फक्त गॅससाठी काड उकळून त्यावर बुरशी वाढवणं हा तोट्याचा धंदा आहे. बियाण्याचा आणि इंधनाचा खर्च अळिंबी फेडणार असेल तरच याचा विचार करावा.

पऱ्हाटी

काडाचं ठीक आहे भाऊ, पण पऱ्हाट्या आणि तुराट्यांचं (कपाशीच्या नि तुरीच्या वाळक्या काड्यांचं) काय? विदर्भात त्यांचे ढीगच्या ढीग बांधावर जाळले जातात. गव्हाच्या काडात लिग्निन १५ ते २० टक्के, तर पऱ्हाटीत २२ च्या वर. बिनप्रक्रियेची पऱ्हाटी संयंत्रात जवळपास जशीच्या तशी बाहेर येते. तिथे बुरशीचा फायदा जास्त दिसायला पाहिजे ना?

प्रयोगवही

@पऱ्हाटी, दिसतो, पण टक्केवारीत. मुळातला उतारा इतका कमी असतो की दीडपट झाला तरी काडाच्या मागेच राहतो. वेळही जास्त लागतो: काडाला १५ ते २५ दिवस, पऱ्हाटीला ६ ते ८ आठवडे. शिवाय आधी चिपर लावून पाव ते अर्धा इंचाचे तुकडे करावे लागतात, कारण साल शाबूत असेल तर बुरशी आत शिरत नाही. पऱ्हाटीचे ब्रिकेट करून सरळ जाळण्यात जास्त ऊर्जा हाती लागते. ओलं आणि मऊ ते संयंत्राला, कोरडं आणि कठीण ते भट्टीला, असं वाटून घ्यावं.

वखर

मला मूळ कल्पनेलाच हरकत आहे. काड आणि पाचट शेतातच राहायला हवं. उसाचं पाचट सरीत पसरलं तर पाणी वाचतं आणि सेंद्रिय कर्ब टिकतो. प्रत्येक गोष्ट संयंत्रात नेली तर जमिनीला काय उरणार?

शेणकाला

वखर, पाचटाच्या बाबतीत तुमच्याशी सहमत. पाचट शेतातच बरं. पण धागाकर्त्याचं काड मळणीनंतर खळ्यावर पडलेलं आहे, आणि कुटारही तसंच. शिवाय संयंत्रातून गेलेलं काड संपत नाही. गॅसमध्ये कार्बन जातो. नत्र, स्फुरद, पालाश आणि न पचलेलं लिग्निन स्लरीबरोबर रानात परत येतं, आणि जमिनीत टिकाऊ ह्यूमस बनायला तेच लिग्निन कामाचं. बांधावर जाळलं तर मात्र कर्ब आणि नत्र दोन्ही धुरात जातात.

वखर

स्लरी परत रानात जात असेल तर माझी हरकत नाही. ती वाळवून न टाकता ओलीच द्यावी, उन्हात वाळवली की अमोनिया उडतो.

राईनकाठ

इकडे जर्मनीत बहुतेक संयंत्रं मक्याच्या मुरघासावर आणि शेणमुतावर चालतात. निव्वळ काडावर चालणारेही मोठे प्रकल्प आहेत. वर्बिओ कंपनीचा श्वेट इथला त्यातला एक, आणि त्याच कंपनीचा पंजाबात संगरूर जिल्ह्यातल्या लहरागागा इथला, २०२२ मध्ये सुरू झालेला, भाताच्या पेंढ्यावर रोज ३३ टन बायोगॅस देण्याच्या क्षमतेचा. मोठे प्रकल्प बुरशीकडे वळत नाहीत याचं कारण जागा.

समजा रोज ३०० टन पेंढा लागतो आणि बुरशीला २० दिवस द्यायचे आहेत. म्हणजे कोणत्याही दिवशी ६,००० टन पेंढा बुरशीखाली पडून राहणार. घनमीटरला १०० किलो धरले तर ६०,००० घनमीटर. हवा खेळावी म्हणून थर अर्धा मीटरच ठेवायचा, तर १२ हेक्टर जागा, तीही छपराखाली. त्यापेक्षा काड बारीक दळणं त्यांना परवडतं.

प्रयोगवही

उंच ढीग करता येतो, पण हवा फुंकावी लागते. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या वन उत्पादन प्रयोगशाळेने कागदाच्या लगद्यासाठी लाकडाच्या चिपांवर हेच केलं. चिपांना आधी वाफ, मग *सेरिपोरिऑप्सिस*, आणि ढिगात खालून हवा सोडून दोन आठवडे ठेवायचं. पुढे लगदा दळताना सुमारे ३० टक्के वीज वाचली. बुरशी वाढताना स्वतः उष्णता सोडते. हवा फुंकली नाही तर ढिगाच्या पोटात तापमान ४० च्या वर जातं आणि धिंगरीचे तंतू मरतात. त्या जागी उष्णता सोसणाऱ्या रानटी बुरशा बसतात, आणि त्या सेल्युलोजवर ताव मारतात.

आपल्याकडचाही एक जुना प्रयत्न सांगण्यासारखा आहे. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत काडाचा चारा सुधारायला आधी युरिया आणि मग *कोप्रिनस* बुरशी अशी दोन टप्प्यांची पद्धत बसवली होती. ती 'कर्नाल प्रक्रिया' म्हणून ओळखली जाते. शेतावर ती रुजली नाही, कारण तेच: बुरशी काडाचं वजन खाते, आणि स्वच्छता राखणं जड जातं.

हिरवळ

वाळवी तरी वेगळं काय करते! वारुळाच्या पोटात बुरशीची बाग लावते, चघळलेलं लाकूड त्या बुरशीकडून मऊ करून घेते आणि मग खाते. पावसाच्या सुरुवातीला कोकणात नि गोव्यात वारुळावर जी अळंबी उगवतात ती त्याच बागेतली.

अळिंबी_घर

हो, आणि ती *टर्मिटोमायसेस* अळंबी पिशवीत लावता येत नाही, तिला वाळवीच लागते. मूळ मुद्द्यावर येते.

गरम पाणी आणि रसायन दोन्ही टाळायचं तर चुना. १०० लिटर पाण्याला ५०० ते ६०० ग्रॅम विझवलेला चुना, त्यात १ ते २ इंच कुट्टी केलेलं काड १६ ते २० तास पूर्ण बुडवून ठेवायचं. वर दगड ठेवा, नाहीतर काड तरंगतं आणि वरचा थर कोरडा राहून तिथूनच हिरवी बुरशी सुरू होते. सामू (पीएच) १२ च्या पुढे जातो आणि बहुतेक जिवाणू-बुरशा दबतात. मग जाळीवर ५-६ तास निथळू द्या. चुनकळी विझवताना आणि काड उपसताना हातमोजे नि चष्मा हवाच, चुन्याने डोळा जातो. पाणी फेकू नका: पाण्यात विरघळलेला चुना थोडाच असतो, बाकीचा तळाशी असतो. ढवळून, थोडा नवा चुना घालून तेच पाणी पुन्हा चालतं.

बेड बारीकच करा. १२ ते १४ इंच रुंद पिशवी, ४-५ किलो ओलं काड, दर ३ इंचाच्या थराला कडेने बियाणं, आणि पिशवीला १५-२० भोकं. मराठवाड्यात हंगाम जुलै ते फेब्रुवारी. मार्च उजाडला की धिंगरी बंद. उन्हाळ्यात करायचंच तर दुधी अळिंबी, ती ३० ते ३५ अंशांत वाढते.

हिरवा डाग दिसला तर तो बेड त्याच दिवशी खोलीबाहेर काढा. काळी शाईसारखी विरघळणारी छत्री आली तर काड जास्त ओलं होतं किंवा त्यात अमोनिया होता असं समजावं.

निळी_ज्योत

चुन्याचा आणखी एक फायदा आहे: तो स्वतःच काडाचं वेष्टण सैल करतो. किंबहुना बुरशी बाजूला ठेवून नुसत्या चुन्याने किंवा युरियाने काड मऊ करण्याचा पर्यायही तपासायला हवा. चाऱ्यासाठी सगळ्यांना माहीत असलेली पद्धत: १०० किलो काडाला ४ किलो युरिया ५०-६० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दाबून, प्लॅस्टिकने झाकून २१ दिवस ठेवायचं. उकळणं नाही, बियाणं नाही, काडाचं वजन घटत नाही, आणि काडात कमी असलेलं नत्र आपोआप भरून निघतं.

प्रयोगवही

युरियाला माझा पाठिंबा आहे, पण बुरशीच्या *आधी* युरिया नको. काही पांढऱ्या बुरशा नत्राची टंचाई असेल तेव्हाच लिग्निनकडे वळतात. नत्र मुबलक दिलं की त्यांचं लिग्निन मोडणं मंदावतं, आणि हिरव्या बुरशीला रान मोकळं मिळतं. एक तर युरिया, नाहीतर धिंगरी. दोन्ही हवंच असेल तर नत्र शेवटी, संयंत्रात जाताना.

पऱ्हाटी

एकदा चांगली बुरशी चढलेलं काड पुढच्या खेपेला विरजण म्हणून वापरलं तर? न उकळता, बियाणं न घेता?

प्रयोगवही

पहिल्या खेपेला जमतं. ओल्या काडात निदान ३० टक्के विरजण मिसळावं लागतं, म्हणजे धिंगरीला सुरुवातीलाच आघाडी मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून रानटी बुरशा वरचढ होतात आणि गुण उतरतो. दोन खेपांनंतर ताजं बियाणं घ्यावं.

अळिंबी_घर

आता बेडचा प्रश्न, जो धागाकर्त्याने शेवटी टाकला आणि जो खरं तर पहिला असायला हवा होता. माझ्या मते याच कामात अर्थ आहे.

तोडा किती घेतला यावर गॅस ठरतो. पहिल्या तोड्याला काडाचं साधारण २५ ते ३० टक्के वजन गेलेलं असतं, आणि एकूण मिळणाऱ्या अळिंबीतली निम्मी हातात आलेली असते. तिसऱ्या तोड्यापर्यंत ४० ते ४५ टक्के काड संपतं. १० किलो काडावर पहिल्या तोड्यात साडेतीन किलो ताजी अळिंबी आली तर ती नेहमीची गोष्ट आहे.

निळी_ज्योत

त्याच पद्धतीने मांडतो. पहिल्या तोड्यानंतर व्हीएस ५.९ किलो उरलं आणि उतारा २३० धरला, तर गॅस २.४७ घनमीटर. तिसऱ्या तोड्यानंतर ४.७ किलो उरलं आणि उतारा २२०, तर १.८८ घनमीटर. कच्च्या काडाचा २.६८ होता. म्हणजे एका तोड्यानंतर गॅस फक्त ०.२ घनमीटरने कमी होतो आणि साडेतीन किलो अळिंबी हातात येते. काड मऊ होऊन बुडतं हा फायदा वेगळाच. कच्चं काड घुमटात तरंगतं, त्यामुळे त्याचे २.६८ प्रत्यक्षात कधीच मिळत नाहीत.

हिरवळ

रोज १० किलो काडाचे बेड लावले तर साडेतीन किलो रोज! आठवडाभर भाजी, मग शेजाऱ्यांना, मग शेजारी दार लावून घेणार. 😄

अळिंबी_घर

@हिरवळ, म्हणून बेड लावण्याआधी गिऱ्हाईक पाहायचं. ताजी अळिंबी फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. उरलेली ४५ ते ५० अंशांवर वाळवली तर १० किलोची एक किलो होते, पण कडक वाळलेली ठेवावी.

एक सूचना गंभीरपणे: छत्री सपाट होण्याआधी तोडा. उशीर झाला तर खोलीत बीजाणूंचा धूर होतो. रोज तो श्वासात गेला की खोकला, ताप, दम लागणं असा फुप्फुसांचा विकार जडतो. खोलीत एन-९५ मास्कशिवाय जाऊ नये.

शेणकाला

आता संयंत्रात घालायचं कसं ते पाहू. दीनबंधूत ढवळायची सोय नसते, म्हणून इथेच गडबड होते.

पिशवी, सुतळी, रबर सगळं काढा. प्लॅस्टिकचा एक तुकडा निर्गम तोंडाशी अडकला तरी त्रास. बेड कोयत्याने फोडून कुट्टीतून पुन्हा काढा, तुकडा बोटाच्या पेराएवढा. मग एका टाकीत कालच्या स्लरीत २४ तास भिजत ठेवा. त्याने आतली हवा निघते, काड जड होतं आणि जिवाणूंची लागण बाहेरच होते. दुसऱ्या दिवशी शेणात कालवून आत सोडा, नुसतं काड कधी सोडू नका.

प्रमाण तुमच्या आकड्यांवर काढलं. ८० किलो शेणात १८ टक्के घन, म्हणजे १४.४ किलो. १० किलो काडाएवढे बेड म्हणजे घटीनंतर साधारण साडेसहा किलो कोरडा माल. एकूण २१ किलो घन, ८ टक्क्यांचा काला करायचा तर मिश्रण सुमारे २६० लिटर. संयंत्राचं पोट १५० किलो शेण आणि तितकंच पाणी, म्हणजे ३०० लिटर रोज, ४० दिवसांसाठी बांधलेलं आहे. २६० लिटरला ४६ दिवस मिळतात. काडाला ते बरंच.

एकदम सगळं घालू नका. पहिल्या आठवड्यात २ किलो काडाएवढं, मग दर आठवड्याला २ किलो वाढवा. ज्योत पिवळी पडून विझू लागली, स्लरीला आंबट वास आला, सामू ६.५ च्या खाली गेला, तर काड आठवडाभर बंद आणि फक्त शेण. सामू पाहायला लिटमसपेक्षा सामूचा साधा मीटर घ्या.

आणि थर धरलाच, तर घुमटात कोणीही उतरायचं नाही. आत ऑक्सिजन नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड असतो, एका श्वासात माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला गेलेलाही. निर्गम कुंडीतून लांब बांबूने थर मोडायचा. नाही मोडला तर स्लरी उपसून, यंत्राने हवा खेळवून, अनुभवी गवंड्याकडूनच काम करून घ्यायचं.

प्रयोगवही

कर्ब-नत्राची जोड देतो. ८० किलो शेणात कर्ब साधारण ५.५ किलो आणि नत्र ०.२३. दहा किलो कच्च्या काडात कर्ब ४ किलो, नत्र जेमतेम ४५ ग्रॅम. मिळून गुणोत्तर ३५ च्या जवळ जातं, आपल्याला २० ते ३० हवं. पातळ करायच्या पाण्याऐवजी ६-७ लिटर गोमूत्र घातलं की ते २८ च्या आसपास येतं. बेडमध्ये कर्ब आधीच कमी झालेला असल्याने त्याला ३-४ लिटर पुरे. शेण पूर्ण बंद करून नुसत्या काडावर जाऊ नका. निकेल, कोबाल्ट ही सूक्ष्म द्रव्यं शेणातूनच येतात, आणि मिथेन करणाऱ्या जिवाणूंचं त्यांच्यावाचून चालत नाही.

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या बुरशाही असतात. १९७५ मध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी त्या बुरशा आहेत हे दाखवलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्यांच्यावर काम झालं आहे. त्या काड आतून फोडतात, बाहेर हवेवर ठेवण्याचा टप्पाच लागत नाही. पण त्यांना ३९ अंश स्थिर तापमान हवं, आणि साध्या संयंत्रात त्या फार दिवस टिकत नाहीत. ताजं शेण वापरलं की त्या थोड्याफार आपोआप जातात. शिळं, उन्हात तापलेलं शेण टाळण्याचं हे आणखी एक कारण.

गव्हांडा

सगळ्यांचे मनापासून आभार. मुळात "कोणती बुरशी" एवढाच प्रश्न डोक्यात होता. आता दिशा अशी दिसते: काड चुन्यात भिजवून धिंगरी, एकच तोडा, मग बेड संयंत्रात. कुटाराचं काय करावं? त्याला धिंगरी की युरिया? आणि माझ्याच काडाला उतारा किती येतो ते टनभर माल गुंतवण्याआधी तपासता येईल का?

अळिंबी_घर

कुटारावर धिंगरी काडापेक्षा चांगली येते, त्यात नत्र जास्त असतं. पण बारीक असल्याने दबून बसतं. निम्मं काड, निम्मं कुटार मिसळा. कुटार आधी चाळा, माती राहिली तर बेड नासतो आणि पुढे संयंत्राच्या तळाशी गाळ साचतो.

प्रयोगवही

तपासणी घरी करता येते. एक लिटरच्या सहा काचेच्या बाटल्या घ्या. संयंत्रातली गाळलेली स्लरी आठवडाभर काही न घालता ठेवा, म्हणजे तिचा स्वतःचा गॅस ओसरतो. मग प्रत्येक बाटलीत ४०० मिली भरा. दोन बाटल्यांत नुसती स्लरी. दोन बाटल्यांत १० ग्रॅम कच्चं काड.

उरलेल्या दोन बाटल्यांसाठी युक्ती: बेड भरतानाच १० ग्रॅम कोरड्या काडाच्या दोन पुरचुंड्या नायलॉनच्या जाळीत बांधून, बाकीच्या काडाबरोबरच चुन्यात भिजवून बेडमध्ये ठेवा. तोडा झाल्यावर पुरचुंडीतलं काड न तोलता सगळंच्या सगळं बाटलीत घाला. बुरशीने खाल्लेलं त्यातून वजा झालेलंच असतं, त्यामुळे येणारा आकडा सरळ सुरुवातीच्या १० ग्रॅमचा.

रबरी बूच, त्यातून नळी, नळीचं टोक मिठाच्या पाण्याने भरलेल्या उलट्या मोजबाटलीत. पाण्यात थोडं लिंबूसत्व घाला, नाहीतर कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून आकडा कमी दिसतो. सगळ्या बाटल्या थर्मोकोलच्या एकाच खोक्यात, ३५ अंशांच्या आसपास. ४० दिवस रोज एकाच वेळी नोंद आणि रोज बाटली हलवणं. नुसत्या स्लरीचा गॅस बाकीच्यांतून वजा करा. कच्च्या काडाच्या बाटलीत अडीच लिटरच्या आसपास यायला हवा. पुरचुंडीच्या बाटलीत त्याच्या नव्वद टक्के जरी आला तरी अळिंबीसकट हे गणित तुमच्या बाजूने आहे. सत्तर टक्क्यांच्या खाली आला तर तोडा उशिरा घेतला किंवा बेड तापले असं समजा, आणि काडाला सरळ युरिया लावा.

शेणकाला

पुरचुंडी बेडच्या मधोमध ठेवा, कडेला नको. कडेला हवा जास्त आणि ताप कमी, तिथला आकडा नेहमी चांगला येतो.